घडण की झीज?

कोकणातलं घर. दिवाळीनंतर अंगण नुकतंच चोपून घेतलेलं, कडेला जांभ्याची खडी. मामा आयुष्यभर बोटीवर, चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेला. 1986 मध्ये त्याने कोबे बंदरातून टामिया कंपनीची 'हॉर्नेट' आणली होती: रेडिओवर चालणारी, मागच्या चाकांच्या जोरावर पळणारी खेळातली बगी. भाची पुण्यात मोटारींच्या सस्पेन्शनवर काम करते. माळ्यावरून खोकं उतरवलं, नवी बॅटरी जोडली आणि बगी निघाली. निघाली खरी, पण डावीकडे ओढत, आणि प्रत्येक उंचवट्यावर नाक उडवत. पुढचं त्या दोघांच्याच तोंडून ऐकावं.

मामा: बघितलंस? उंचवटा एक, उड्या तीन. पुढच्या चाकांसाठी मी तेलाचे दोन शॉक मागवलेत. सोबत लांबी कमी-जास्त करता येते अशा सळ्या. आठवड्याभरात येतील.

भाची: आणि मूळचे काढून टाकणार?

मामा: मूळचे काय? प्लास्टिकच्या दांडीवर चढवलेल्या दोन स्प्रिंगा! मागे निदान तेल तरी आहे. पुढे त्याचाही पत्ता नाही.

भाची: म्हणूनच हात लावू नकोस. 1984 मध्ये ती बाजारात आली ती अशीच.

मामा: अगं, बत्तीस वर्षं इंजिनरूममध्ये काढली मी. पंप गळला की सील बदलायचं. 'गळती हा बोटीचा इतिहास आहे, राहू द्या' असं कुणी म्हणालं असतं, तर कॅप्टनने त्याला पुढच्या बंदरावर उतरवला असता.

भाची: सील झिजतं म्हणून तू ते बदलतोस. ही स्प्रिंग झिजलेली नाही. खोक्यातून पहिल्यांदा निघाली तेव्हाही नाक असंच उडत असणार. झीज वेगळी आणि घडण वेगळी, मामा.

मामा: घडणीतच खोट असली तर?

भाची: आधी घडण काय आहे ते तर बघू. उलटी कर तिला. हा पुढचा हात बघ. मध्याकडच्या टोकाला बिजागरी, बाहेरच्या टोकाला चाक. दार आडवं केल्यासारखं. चाक वर जातं ते सरळ नाही, बिजागरीभोवती कमानीत जातं. आणि चाक हाताला पक्कं धरलेलं, म्हणून हात जितका फिरेल तितकंच तेही कलतं. हिशेबाला सोपं म्हणून बिजागरीपासून चाकापर्यंत 10 सेंटीमीटर धरू. चाक 2 सेंटीमीटर उचललं गेलं तर हात साडेअकरा अंशांनी फिरतो. म्हणजे चाकही साडेअकरा अंशांनी आत झुकलं.

मामा: म्हणजे टायर काठावर उभा.

भाची: अगदी. या झुकण्यालाच कॅम्बर म्हणतात. आमच्याकडे एका अंशाचा फरक पडला तरी मीटिंग बसते.

मामा: मग तुझ्याच तोंडाने ठरलं की ही खोट आहे!

भाची: कशासाठी खोट, ते विचार. त्याच 1984 मध्ये अमेरिकेत असोसिएटेड कंपनीची 'आरसी10' आली, रॉजर कर्टिसने आखलेली. ॲल्युमिनियमची सोनेरी चासी, पुढे वरखाली असे दोन हात, चारी चाकांना तेलाचे शॉक. दोन हात असले की वरचा किती लांब, खालचा किती, कोण कुठे बांधायचा, हे सगळं आखणाऱ्याच्या हातात येतं. चाक उचललं गेल्यावर किती झुकावं, ते तो ठरवतो. वरचा दुवा फिरवून कॅम्बर बदलायचा, शॉकचं टोक दुसऱ्या भोकात टाकायचं, तेल बदलायचं. पुढच्याच वर्षी, 1985 मध्ये, कॅलिफोर्नियात डेल मारला या बग्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. दोन चाकांच्या जोरावर पळणाऱ्या गटात जे हॉल्सी जिंकला, तो आरसी10 घेऊनच.

मामा: म्हणजे शहाण्यांना तेव्हाच कळलं होतं.

भाची: कळलं सगळ्यांनाच होतं. पण हॉर्नेट शर्यतवाल्यासाठी नव्हती. ती परसात पळवायची, बारा वर्षांच्या पोराने स्वतः जोडायची. एका बाजूला एक हात, एक बिजागरी, एक स्प्रिंग. भिंतीवर आपटली तर वाकायलाच फारसं काही नाही. कॅम्बर सांभाळायचा तर भाग वाढतात, भाग वाढले की किंमत वाढते आणि मोडायच्या जागाही वाढतात. कॅम्बर देऊन त्यांनी टिकाऊपणा आणि स्वस्ताई घेतली. याला मी खोट नाही म्हणत, सौदा म्हणते.

मामा: सौदा म्हण, काही म्हण. गिऱ्हाईक मी आहे.

भाची: आणि असा सौदा प्रत्येकाने केलाय. टामियाच्याच 1979 च्या 'रफ रायडर' आणि 'सँड स्कॉर्चर' घे. त्यांचा पुढचा भाग म्हणजे फोक्सवॅगन बीटलच्या ॲक्सलची लहान प्रतिकृती. हात आडवे नाहीत, पुढून मागे जाणारे. त्यात चाक वर गेलं तरी अंगाच्या मानाने ते झुकत नाही. तुझी तक्रार मिटली?

मामा: मिटायला हवी.

भाची: नाही मिटत. वळणावर अंग कलतं, आणि चाकंही त्याच्यासोबत तितकीच कलतात. एका जागी वाचवलेलं दुसऱ्या जागी द्यावं लागलं. मग 1985 मध्ये चारी चाकांच्या जोरावर पळणारी 'हॉटशॉट' आली. पुढे दुहेरी हात, म्हणजे कॅम्बरची काळजी घेतलेली. पण शॉक? पुढच्या दोन्ही चाकांना मिळून एकच! दोन्ही चाकं एकदम दबली तर तो शॉक छान झेलतो. अंग एका बाजूला कलायला लागलं की मात्र त्याच्या एकट्याच्या हातात फारसं काही राहत नाही. म्हणून कलणं आवरायला वेगळी अँटी-रोल सळी दिली होती.

मामा: थांब. मघाशी आरसी10 म्हणालीस. तिचं फोटोत नाक वर उचललेलं दिसतं. ते दिसायला ऐटबाज म्हणून?

भाची: छे. चासीचा पुढचा भागच तिरका, त्यामुळे हातांची बिजागरीसुद्धा तिरकी. खडा आला की चाक नुसतं वर जात नाही, थोडं मागेही सरतं. झेल घेताना तू हात मागे घेतोस ना, तसं. धक्का बोथट होतो. शिवाय त्याच तिरकेपणामुळे चाक वळतं तो अक्ष मागे कलतो, त्याला कॅस्टर म्हणतात. सायकलच्या पुढच्या चिमट्यासारखं. हात सोडला तरी चाक सरळ व्हायला बघतं.

मामा: हे सगळं ऐकून मला तर आणखीच वाटायला लागलं की हिला सुधारावी. कॅम्बर तुझा, तो राहू दे. पण नाचणं? ते तर तेलाने थांबतं. स्प्रिंग काय करते? धक्का साठवते आणि परत करते. सावकाराकडे ठेव ठेवल्यासारखं, एक पै कमी नाही. शॉकमधलं तेल ती शक्ती खर्च करून टाकतं, उष्णतेत. इंजिनरूममध्ये हेच गव्हर्नरचं. इंजिनाचा वेग सारखा ठेवणारं यंत्र. त्यात तेलाची वाट कमी-जास्त करणारी एक सुई असते. ती जास्त उघडी राहिली की इंजिन हंटिंग करतं: वेग वर, खाली, वर, खाली. तुझी बगी हंटिंग करतेय, बाई.

भाची: उपमा फक्कड आहे. आता पुढचं सांग. ती सुई जास्त बंद केली तर?

मामा: तर इंजिन सुस्त. भार बदलला तरी वेग सावरायला उशीर.

भाची: मग इथेही तेच. जाड तेल घातलंस तर एका उंचवट्यावर नाक छान बसेल. पण ओळीने पाच उंचवटे आले तर? पहिल्यावर स्प्रिंग दबली, पुरती उघडायच्या आत दुसरा आला. आणखी दबली. तिसरा. पाचव्यापर्यंत नाक जमिनीला टेकलेलं आणि हाताला हालचालच उरलेली नाही. म्हणजे तेल नुसतं घालून भागत नाही, किती जाड ते ठरवावं लागतं. टामियाची तेलं बघ, 200, 300, 400, असे आकडे. आकडा चढत गेला की तेल घट्ट होत जातं.

मामा: मग 400 ने सुरू करू आणि जमवत जाऊ. जमवणं हाच माझा धंदा.

भाची: पण जमवणार कशाशी? पुढचं नाक मऊ नि शांत झालं आणि मागचा ॲक्सल तसाच एकसंध, गिअरबॉक्ससकट उचलला जाणारा राहिला, की मागून ढकलणं वाढेल. आज पुढचं नाचतं म्हणतोस, उद्या मागचं नाचतं म्हणशील. मग मागचे शॉक, मग मोटर, मग टायर. वर्षभराने अंगणात कुणाची बगी असेल?

मामा: माझी! आज कुणाची आहे?

भाची: आणि आणखी एक. धक्का कुठेतरी जाणारच. आज तो या लवचीक हातात आणि स्प्रिंगेत जिरतो. कडक शॉक लावलास तर शॉकच्या वरच्या टोकाला जाईल. तिथे चाळीस वर्षं जुनं प्लास्टिक आहे.

मामा: ते फुटलं तर नवं मिळतं. 2004 मध्ये कंपनीने हॉर्नेट पुन्हा काढली, सुटे भाग आहेत. मी चौकशी केलीये. आणि 'मूळ, मूळ' म्हणतेस, तर मूळ कुठल्या दिवसाचं? खोक्यातलं? तेव्हाही लोक जोडता जोडताच भाग बदलायचे. कंपनी स्वतः बॉल बेअरिंग आणि तगड्या मोटरी वेगळ्या विकायची. पोरांनी बदलावी म्हणूनच तर ही जोडायची बगी! तू जिला मूळ म्हणतेस ती काचेच्या कपाटातली. परसात ती कधी नव्हतीच.

भाची: …हे मान्य. हे मी धरलं नव्हतं.

मामा: लिहून ठेव. भाचीने मान्य केलं.

भाची: पण मग माझंही एक ऐक. काहीही बदलायच्या आधी, आहे ते नीट तर आहे का, एवढं मोजू. ती डावीकडे ओढते, त्याबद्दल आपण दोघंही गप्प आहोत. डावीकडे ओढणं कुठल्याच घडणीत नसतं.

मामा: मोजू. काय हवं?

भाची: सपाट जागा. अंगणात नाही, आणि शहाबादी फरशीही कुठे ना कुठे खोलगट असते.

मामा: जुन्या कपाटाचा आरसा आहे पडवीत. आणि गवंड्याचा ओळंबा.

(आरसा जमिनीवर ठेवला जातो. ओळंबा खुंटीवर लटकतो. बॅटरी जागेवर घालूनच मोजायचं, असं भाची बजावते. वजन बदललं की उंची बदलते.)

भाची: आधी टायर. दोन्हीकडचे सारखे? रबर कडक झालंय, पण सारखंच. चाक हलवून बघ, खेळ किती आहे. डावीकडे थोडा. चालेल. आता स्प्रिंगा काढ, नुसते हात वर उचल आणि सोड. स्वतःच्या वजनाने खाली पडले पाहिजेत.

मामा: उजवा पडला. डावा… डावा अर्ध्यात अडकला.

भाची: बिजागरीचा स्क्रू बघ.

मामा: घट्ट आहे. चांगलाच घट्ट.

भाची: कुणी केला?

मामा: मीच केला असणार. ढिलं दिसलं की आवळायचं, हात आपोआप जातो.

भाची: बोल्ट आवळायचा असतो, बिजागरी मोकळी ठेवायची असते. आता कळलं नाच कुठून येतो? तेल नसलेल्या शॉकमध्येही थोडा आवर असतो, दांडी घासते त्याचा. पण घासणं तेलासारखं नसतं. तेल वेग ओळखतं: हळू दबलं तर हळू अडवतं, जोरात दबलं तर जोरात. घासणारी वस्तू वेग बघत नाही. लहान खड्यावर ती हातच हलू देत नाही आणि मोठ्या धक्क्याला तिचा आवर पुरत नाही. तू डावीकडे घासणं वाढवलंस. डावं चाक खड्यावर उडतं, कारण हात उचलला जात नाही. उजवं आपलं काम करतं. मग नाक सरळ न उडता वेडंवाकडं उडतं.

मामा: अर्धा फेरा सैल केला. पडला. आता?

भाची: स्प्रिंगा शेजारी शेजारी उभ्या कर.

मामा: डावी दीडेक मिलिमीटर आखूड.

भाची: चाळीस वर्षं खोक्यात एका बाजूवर वजन. अदलाबदल करून बघू, फरक कुठे जातो ते. आता नाकाच्या बरोबर मधोमध पेचकसाचं टोक लाव आणि हळूच उचल. दोन्ही चाकं आरशावरून एकदम सुटली पाहिजेत.

मामा: उजवं आधी सुटतंय. केसभर आधी.

भाची: आखूड स्प्रिंग आता उजवीकडे आहे, म्हणजे ते स्प्रिंगेतून येतंय. एक पातळ वायसर टाकून जुळेल. आता खरं बघ. वरून. दोन्ही पुढची चाकं सरळ पुढे बघताहेत?

मामा: उजवं बघतंय. डावं तोंड फिरवून बसलंय. बाहेर.

भाची: टो म्हणतात याला. पुढे जाताना सरळ धावावी म्हणून दोन्ही चाकांची तोंडं किंचित आत ठेवतात, वळणात चटकन शिरावी म्हणून किंचित बाहेर. पण जे करायचं ते दोन्हीकडे सारखं. एकच चाक बाहेर म्हणजे बगी त्या चाकामागे जाणार. चाक वळवणारी सळी काढ बघू, डावी.

मामा: …वाकलीये.

भाची: वाकली म्हणजे आखूड झाली. आणि तू मागवलेला शॉक हिला सरळ करणार नव्हता. नवा शॉक लावून तू म्हणाला असतास, अजून ओढते, आता चाकं वळवणारा सर्व्हो बदलू.

मामा: मानलं. पण ही वाकली कधी? मी तर कधी… थांब. अगं थांब! 1998. मे महिना. सहा वर्षांची तू. रिमोट हातातून सोडेना. बगी अंगणातून निघाली ती सरळ तुळशीवृंदावनावर.

भाची: मी?

मामा: आई रागावेल म्हणून तू भाताच्या कणगीमागे लपलीस. मी त्या संध्याकाळी सगळं खोललं, साफ केलं आणि पुन्हा मोडू नये म्हणून सगळं गच्च आवळलं. तो स्क्रूसुद्धा. सळी वाकलेली तेव्हा दिसलीच नाही.

भाची: …

मामा: आता सांगा, पुराणवस्तू संशोधक बाई. ही सळी घडण की झीज? ती कारखान्यात अशी नव्हती, म्हणजे मूळची नाही. पण सत्तावीस वर्षं हिच्यासोबत आहे. आणि माझ्या दृष्टीने तर आख्ख्या बगीत हाच भाग इतिहासाचा. जपू? वाकडी चालवू?

भाची: तू मला माझ्याच शब्दांत अडकवतोयस.

मामा: तूच अडकलीस. मी फक्त सळी दाखवली.

भाची: बरं. सळी बदलायची. सरळ सळी हेच आखणाऱ्याचं म्हणणं होतं, आणि मी ते मोडलं. पण ही फेकायची नाही.

मामा: फेकतो कोण? बिस्किटाचा डबा आहे. वर चिठ्ठी चिकटवू, 'डावी सळी, तुळस, 1998'.

भाची: मग तुझ्या शॉकनाही तोच नियम. लावायचे तर लाव, पण चासीला नवं भोक पाडायचं नाही. मूळ जागांवर बसतील तेवढंच. आणि मूळ स्प्रिंगा त्याच डब्यात. उद्या कुणाला परत लावाव्या वाटल्या तर तासाभरात लागल्या पाहिजेत.

मामा: भोक नाही पाडणार. पण नाच अजून राहिलाय ना?

भाची: ये, बघू. मागवलेल्या सळ्यांतली एक आली की खरं जमेल. तोवर हीच हाताने जमेल तेवढी सरळ करू.

(सळी ऐरणीऐवजी पायरीच्या चिऱ्यावर हळूहळू सरळ होते. बगी अंगणात. या वेळी ती सरळ जाते. उंचवटा येतो. उडी.)

मामा: एक… दोन. दोनच उड्या! आणि सरळ रेषेत.

भाची: उरलेल्या दोन घडणीतल्या. पण त्यातली एक तुझ्या अंगठ्यातली आहे.

मामा: माझ्या?

भाची: उंचवटा दिसला की तू घाबरून थ्रॉटल सोडतोस. सोडलास की भार पुढे येतो, नाक दबतं, स्प्रिंग आधीच आवळली जाते आणि तशी दबलेली ती धडकते. झेलायला जागाच नाही. उलट कर. उंचवट्याच्या जरा आधी गती कमी कर आणि ऐन चढताना थोडा थ्रॉटल दे. भार मागे जातो, पुढचे हात खाली लोंबतात, पुरी हालचाल हाती असते. तेल नसलेल्या बगीत तेलाचं काम चालवणाऱ्याला करावं लागतं. त्या बारा वर्षांच्या पोराला हेच शिकायला मिळायचं.

मामा: आधी कमी, मग थोडा… थोडा…

(नाक उंचवट्यावर चढतं, एकदा हलतं, बसतं.)

मामा: अगं!

भाची: आता सांग, शॉक परत पाठवायचे?

मामा: पाठवायचे कशाला? येऊ देत. लावून बघू, काढून बघू. पण आधी हे मला वळणावर जमू दे. तू जरा त्या तुळशीपाशी उभी राहा.

भाची: मी कशाला?

मामा: या खेपेला तिला वाचवायला कुणीतरी हवं. रिमोट माझ्या हातात आहे.